पिंपावर झाकलेले हक्क

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शाळेतली नव्हे, पोलीस चौकीतली. बीड जिल्ह्यातल्या नेमक्या कोणत्या चौकीतली, ते सांगत नाही. पाटीची बदली होत नसते, तरी सरकारी भिंतीवर राहून जपून बोलायची सवय लागते.

माझा जन्म एका परिपत्रकातून झाला. अटक केलेल्या माणसाचे हक्क त्याला दिसतील असे लावावेत, असा हुकूम वरून आला. मग पेंटरने पांढऱ्या रंगावर निळ्या अक्षरांत मला लिहिले. पकडण्याचे कारण सांगितले पाहिजे. नातेवाइकाला कळवले पाहिजे. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे. वकील परवडत नसेल तर सरकारने फुकट दिला पाहिजे. अशी नऊ कलमे. नारळ फुटला, फोटो निघाला, फोटो वर गेला. पुढे तपासणीला आलेल्या एका मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर उभे राहून "अक्षर सुरेख आहे" असे उद्गार काढले. माझ्या वाट्याचे कौतुक ते एवढेच.

काही वर्षांनी गावच्या दूध सोसायटीचे कॅलेंडर माझ्यावर टांगले गेले. तिसऱ्या कलमाच्या जागी संकष्टी आली. मी वाईट वाटून घेतले नाही. कॅलेंडर निदान कोणी तरी पाहत होते.

मग दुष्काळ पडला. टँकर आठवड्यातून एकदा येई. चौकीतल्या पिंपाचे झाकण कुठे तरी गेले होते, आणि माझे माप बरोबर बसले. मला भिंतीवरून काढून पिंपावर पालथे घातले. तेव्हापासून माझी अक्षरे पाण्याकडे तोंड करून होती. त्या पाण्याला सगळे हक्क पाठ झाले असतील.

त्याच उन्हाळ्यात म्हाळू आला. गोदावरीपलीकडचा मेंढपाळ. पात्रात पाणी नव्हते, म्हणून तो आणि त्याची बायको रतनबाई साठ मेंढरे घेऊन नदी चालतच ओलांडून आले. नेकनूरकडे चारा मिळेल असे त्यांना कोणी सांगितले होते. वाटेत आमच्या गावाबाहेर सोसायटीची चारा छावणी लागली. तिथे गाई-म्हशींना जागा होती, मेंढरांना नव्हती. कुंपणाबाहेर उडालेला पाचोळा मेंढरे खाऊ लागली, तेव्हा सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांनी चौकीत निरोप धाडला, की माणसे बाहेरची आहेत, मेंढरे चोरीचीच असणार.

हवालदार सुंदरराव म्हाळूला घेऊन आले. मेंढरे सोसायटीच्या आवारात कोंडली.

"कावून आनलं, सायेब?" म्हाळूने विचारले.

"चौकशी हाय. बस."

तो बसला. एक दिवस गेला, दुसरा गेला. नोंदवहीत त्याचे नाव कुठेच नव्हते, म्हणजे सरकारच्या लेखी तो चौकीत नव्हताच. जो आलाच नाही, त्याला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे कसा नेणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी रतनबाई आली. तिला कोणी कळवले नव्हते. दारोदार विचारत तिने नवऱ्याचा पत्ता काढला होता. सुंदररावांनी तिला पाणी घ्यायला सांगितले. माणूस तसा वाईट नव्हता. तिने मला उचलले. निळ्या अक्षरांवरून थेंब ओघळत होते. ती जरा वेळ बघत राहिली.

"ह्येच्यावर काय लिवलंय, दादा?"

सुंदररावांनी मान वर केली नाही.

"पाणी जपून वापरा."

तिने अर्धाच तांब्या घेतला आणि मला हलकेच झाकून ठेवले.

मग सुंदररावांनी म्हाळूपुढे एक कोरा कागद ठेवला. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या साली माणसाला जे काही मिळे, ते सोसायटीच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिल्यावरच मिळे. पेंड असो, कडबा असो. मजकूर मागाहून भरायचा, असा रिवाजच पडला होता. नदीच्या पलीकडेही तोच. त्यामुळे कोरा कागद पाहून म्हाळूचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला.

"मेंढरायचं बी नाव घेतलं व्हय छावनीत?"

सुंदररावांनी शाईची डबी पुढे सरकवली.

"घेतलं बे. लाव अंगठा."

म्हाळूने अंगठा चांगला दाबून उठवला. पुसट आला तर चारा कमी मिळेल, अशी त्याला धास्ती. कोकरांचे नाव वेगळे लावावे लागते का, असे रतनबाईने विचारून घेतले. लागत नाही, असे सुंदरराव म्हणाले.

म्हाळूला सोडले, आणि दोघे गेल्यावर कागदावर मजकूर आला: "ही मेंढरे मला वाटेत बेवारस सापडली, माझा त्यांच्यावर हक्क नाही." नवराबायको छावणीच्या फाटकाशी आपला नंबर लागायची वाट पाहत बसले होते. आठवड्याने लिलाव झाला. बोली लावायला एकटे आप्पारावच होते.

म्हाळू मेंढरांचे विचारायला आला, तेव्हा सुंदररावांनी कागद पुढे केला.

"हा अंगठा तुजाच ना बे?"

म्हाळूने वाकून नीट पाहिले.

"माजाच हाय, सायेब."

नाही म्हणावे, हे त्याच्या मनातही आले नाही. काठी आणि घोंगडी घेऊन दोघे नदीच्या वाटेला लागले. आता त्यांना घरी पोचायला वेळ लागणार नव्हता. मागे रेंगाळणारे कोणी उरले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली निगा राखायला सांगतात. मला पुसू नका, रंगही देऊ नका. कधी चौकीत जाल तेव्हा मी कुठे आहे, एवढे विचारा. शेजारी बाहेरगावचा कोणी बसला असेल तर मला त्याच्यासाठी मोठ्याने वाचा. कागद कोरा असेल तर अंगठा मुठीत ठेवायला सांगा. माझी अक्षरे अजून ठळक आहेत. त्या दुपारी माझ्याजवळ तीन माणसे होती, आणि वाचता येणारा त्यात एकच होता.