राखून ठेवलेल्या चार पिशव्या

"फ्रिजमध्ये चार पिशव्या दिसतायत आणि तुमचा संगणक शून्य म्हणतोय. कुणाचं खरं धरू?"

फोनवर रक्तपेढीच्या अपूर्वाताई होत्या. म्हसवडच्या दवाखान्यात एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, गाडी दारात उभी होती, आणि संगणक हो म्हणेपर्यंत पिशवी बाहेर काढता येत नव्हती.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्या विश्रामबागच्या ऑफिसात बसले होते. तालुक्यांतल्या दवाखान्यांचे संगणक रक्तपेढीशी बोलतात ते बाबांच्या प्रोग्राममधून. दवाखाना टोकदार कंसांत मांडलेली चिठ्ठी पाठवतो: कुठलं काम करायचं, रक्तगट, पिशव्या किती. इकडचा संगणक ते काम करतो आणि तशाच कंसांत उत्तर धाडतो. वर्गात मी हे असलं झकास समजावलं होतं, की बाईंनी मला दोनदा बोलायला लावलं! बाबांना मात्र चौदा वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. काही अडलं, की फोन तेवढा यायचा.

नोंदींत सापडलं. सकाळी आटपाडीहून एकाच पेशंटसाठी 'एक पिशवी राखून ठेवा' अशा चार चिठ्ठ्या आल्या होत्या. बाबांनी तिथल्या ऑपरेटरला, धुळाला, फोन लावला.

"आवं साहेब, उत्तरच येईना. रेंज लय बारीक हाय हितं. मग दाबलं परत. चारदा दाबलं आसंल."

"पेशंटला किती लागतंय?"

"एकच की." मग आवाज खाली गेला. "कुनाचं काय वाईट झालं न्हाई न्हवं?"

उत्तर वाटेत हरवलं होतं. काम मात्र इकडे चारही वेळा झालं होतं. बाबांनी आटपाडीच्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतली, तीन पिशव्या मोकळ्या केल्या आणि गाडी सुटली. चाळीस मिनिटं गेली होती.

बाबांच्या वरच्या साहेबांनी अहवाल मागितला, चूक कुणाची ते लिहून. मी म्हटलं, धुळाचीच, अजून कुणाची?

"तीच मागणी परत आलीय, हे ओळखायला मी प्रोग्रामला शिकवलंच नाही," बाबा म्हणाले आणि स्वतःचं नाव लिहिलं.

अडीच वाजता म्हसवडहून चिठ्ठी आली: पिशवी मिळाली. पेशंट कशी आहे, हे विचारायची त्यात सोयच नव्हती. मी सरळ दवाखान्यात फोन लावला. मनुबाई नावाच्या आया बोलल्या.

"रगत लावलंय, पोरी. आजून डोळं उघडलं न्हाईत."

बाबांनी ते ऐकलं. डबा तसाच बाजूला सारून त्यांनी प्रोग्राम उघडला. मी त्यांना आठवण करून दिली, की एक तारखेपासून पुण्याच्या कंपनीचं ॲप येणार, हे सगळं बंद होणार.

"नऊ दिवस आहेत अजून," बाबा म्हणाले, आणि प्रत्येक मागणीला तिचा वेगळा, परत पाठवली तरी न बदलणारा नंबर द्यायची ओळ लिहायला लागले.