ब्रुकलर म्हणतो

भोसरीतल्या एका नटबोल्टच्या कारखान्यात त्र्याहत्तर साली घडलेली ही गोष्ट. भिवा तिथं टेंपररी होता. म्हणजे सात महिने भरत आले की कंपनी त्याला ब्रेक देई आणि पंधरा दिवसांनी, हा माणूस जन्मात कधी पाहिलाच नाही अशा चेहऱ्यानं, पुन्हा भरती करी. असे चार जन्म झाल्यावर त्याला एकच आस उरली होती, कायम व्हायची.

अक्षर चांगलं म्हणून गेटावरच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम पर्सोनेल मॅनेजर नानासाहेबांनी त्याच्या गळ्यात मारलं होतं. खाली थोर माणसाचं नाव हवंच, हा त्यांचा दंडक. वचन कितीही सोन्यासारखं असो, नावाशिवाय ते फळ्यावर चढत नसे.

एका सकाळी भिवाकडची थोर माणसं संपली. भोंग्याला दहा मिनिटं उरलेली. त्यानं मनानंच लिहून टाकलं, 'घाम गाळणाऱ्याला आधी सावली द्या, उपदेश मागाहून.' आता नाव? गेटाजवळ भंगारात काढलेलं एक ड्रिल मशीन पडलं होतं, त्याच्या पितळी पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव होतं, 'ब्रुकलर'. तेच खाली ठोकून दिलं.

नानासाहेब फळ्यापुढे थबकले. भिवानं खडू पाठीमागे लपवला.

"ब्रुकलर! वा!" नानासाहेब म्हणाले. "कॉलेजात आम्ही वेडे होतो याच्यापायी!"

मग काय, भिवाचा हात सुटलाच. 'उपवासाची थोरवी सांगणारा बहुधा नुकताच जेवलेला असतो.' रोज नवं वचन, रोज ब्रुकलर. युनियनचे उद्धवराव भाषणात त्याचा दाखला देऊ लागले. टपरीवाली केसरबाई सुनेला दटावू लागली, "म्या न्हाई म्हनत, ब्रुकलर म्हनतोय!" पेंटशॉपच्या सयाजीनं तर पोराचं नावच ब्रुकलर ठेवायचं काढलं होतं, बायकोनं लाटणं उगारलं म्हणून पोरगं वाचलं.

शेवटी नानासाहेबांनी जयंती ठरवली. फोटो कुणाकडेच नव्हता, तेव्हा रिकाम्या चौकटीलाच हार घातला. ब्रुकलरनं लहानपणी सोसलेल्या हालअपेष्टा सांगताना नानासाहेबांनी रुमाल काढला, आणि खोटं कशाला सांगा, भिवाच्याही डोळ्यांना पाणी आलं.

पाचवा ब्रेक शनिवारी लागणार होता. गुरुवारी भाकऱ्या थापता थापता बायको कस्तुरा म्हणाली, "आवं, सायबाला खरं सांगा की. एवढी बुद्धी तुमची हाय म्हनल्यावर कायम करत्यालच."

शुक्रवारी भिवा धीर करून केबिनमध्ये गेला. "सायेब, त्यो ब्रुकलर म्हंजी मीच," म्हणाला आणि पट्टीपासून सगळं सांगून मोकळा झाला.

नानासाहेबांनी खणातून कायम करायचा फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि म्हणाले, "बरं. मग आत्ता, माझ्यासमोर, एक वचन सांग. ब्रुकलरच्या तोडीचं. सांगितलंस की सही करतो."

भिवानं तोंड उघडलं. जीवन, कर्तव्य, सद्‌गुण, सगळं आठवून पाहिलं. पण नजर त्या निबवरून हलेना. कस्तुरा डोळ्यांपुढे आली, दोन पोरं आली, दर सात महिन्यांनी गावी जायला बांधायचं बोचकं आलं. घाम फुटला, वचन काही फुटेना.

"सायेब," तो अखेर म्हणाला, "मला कायम करा."

नानासाहेबांनी हळूच टोपण लावलं. ते रागावले नव्हते; त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

"बघ," ते म्हणाले, "ब्रुकलरनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही."

आणि त्यांनी ब्रेकचा कागद पुढे सरकवला. भिवाला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला असेल, तर तो त्या क्षणी ब्रुकलरचा.