दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंचा संसार उजव्या पायावर चालायचा. शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवायचा आणि चेहऱ्यावर विश्वास. त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरवर केमो द्यायची ठरली आणि डॉक्टर म्हणाल्या, "या औषधाने काहींचे पाय बधिर होतात," तेव्हा बाईंनी केसांचं विचारलंच नाही.

"माझे होतील?"

"ते आधी ओळखता येतं का, यावर इथे अभ्यास चाललाय. शरीर अन्न-औषध पचवताना जे बारीकसारीक पदार्थ बनवतं, ते रक्तात मोजायचे. मेटाबोलोमिक्स म्हणतात. त्यावरून तुमचा डोस बेतू. फक्त उपाशीपोटी या. पाण्याखेरीज काही नाही."

बाई उपाशी गेल्या. म्हणजे त्यांच्या मते. मग प्रयोगशाळेतून फोन आला.

"मॅडम, तुम्ही बिनसाखरेची पुदिन्याची गोळी चघळली होती."

बाई गार पडल्या. शिकवताना गोळी चघळायच्या सवयीचा इतक्या वर्षांत नवऱ्यालाही न लागलेला पत्ता यंत्राने लावला होता.

"गोळी म्हणजे काय खाणं झालं?"

"यंत्राच्या मते झालं. सोमवारी पुन्हा या. तोही नमुना बिघडला तर आणखी थांबता येणार नाही, सरसकट सगळ्यांना देतात तोच डोस सुरू होईल."

गोळीचं मूळ घरातच होतं. थोरली नणंद बाईंकडेच गाडी शिकत होती आणि त्या सकाळी स्टिअरिंगवर तीच होती. तिच्या शेजारी बसून बाईंची बोबडी वळू नये म्हणून हल्ली गोळ्या तीच पुरवायची.

"सोमवारी मी काही येत नाही," नणंद म्हणाली. "नस्ता घोळ झाला माझ्यामुळे."

"यायचं, ताई. रक्त दिलं की मला गरगरतं, गाडी परत कोण आणणार? गोळ्या घरी ठेवा."

सोमवारी ताईंनी चौकाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, कारण बाहेर पडायला कुणी वाट देईना. मग एका शववाहिकेला ओव्हरटेक केलं. तिचा ड्रायव्हर त्यांच्याकडे आशेने बघत राहिला. बाईंनी दात आवळले, पण तोंडात काही घातलं नाही.

"आधी शांत बसा," रक्त घेणारा म्हणाला. "घाबरलेलंही रक्तात उतरतं."

"बसते की. तशाही ताई अजून गाडीच लावतायत."

या खेपेला नमुना स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी आलेख समोर धरला. "तुमच्या पायांना धोका जास्त दिसतोय. मोठा डोस एकदम देण्याऐवजी तेच औषध थोडंथोडं, दर आठवड्याला देऊ. पण हा अंदाज आहे, हमी नाही. जरा जरी मुंग्या आल्या तरी लगेच सांगायचं. अंगावर काढायचं नाही."

"गाठीला सवलत मिळणार नाही ना?"

"नाही."

"मग लावा."

दर आठवड्याला सलाईन सुरू झालं की बाई चादर वर करून पायाच्या बोटांची हजेरी घ्यायच्या. एकेक बोट हलवायचं, चिमटा काढायचा, पुढचं. पलीकडच्या खाटेवरच्या आजीही आपली बोटं तपासू लागल्या. त्यांचा आजार घशाचा होता.

एका आठवड्यात उजव्या पायाच्या करंगळीने चिमट्याला नीट उत्तर दिलं नाही. बाईंनी पुन्हा काढला. तेच.

"अगं, पाय आखडला असेल," ताई कुजबुजल्या. "आता सांगितलंस तर औषध थांबवतील."

"थांबवू देत, बदलू देत. ठरवायचं त्यांनी. सांगायचं मी."

आणि बाईंनी बेल दाबली. नर्स दारात दिसेपर्यंत बेलवरचं बोट काढलं नाही.