सात कोऱ्या ओळी

"मी एकतीस नोंदी पाठवल्या होत्या. तुमच्या तक्त्यात चोवीसच आहेत," पडद्यावरच्या डोरीनबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी सात माणसं कुठे गेली?"

मृणालिनीने चष्मा कपाळावर चढवला. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या घरात सकाळचे साडेआठ वाजले होते. तिकडे, ऑस्ट्रेलियाच्या पार आतल्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत, दिवस कलायला लागला होता. डोरीनबाई त्याच वस्तीच्या. तिथल्या दवाखान्यात आरोग्यसेविका. स्वतःला इजा करून घेतलेल्यांची नोंद त्या ठेवत. आणि कोरोनाने आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थेचं ऑफिस बंद झाल्यापासून मृणालिनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अशा चाळीस वस्त्यांचे तक्ते बांधत होती. कुठल्या वस्तीत समुपदेशक किती वेळा जाणार, हे त्यावरून ठरायचं होतं.

"अपुऱ्या नोंदी काढून टाकल्या आम्ही. त्या सातांत नावाची आद्याक्षरं नव्हती."

"कशी असतील? ती सात गेली. गेलेल्याचं नाव आमच्या वस्तीत घेत नाहीत, लिहीतही नाहीत. मान असतो तो. वाचले त्यांची अक्षरं दिली मी."

मृणालिनीने तक्ता पुन्हा पाहिला. वाचलेले तेवढे तिने मोजले होते.

"चोवीस म्हटलं की समुपदेशक तीन महिन्यांनी येणार," डोरीनबाई म्हणाल्या. "एकतीस म्हटलं तर पंधरा दिवसांनी. त्या चोविसांत माझी भाची आहे. ती समुपदेशकाची वाट बघत दिवस मोजते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे घेतात का हो गेलेल्याचं नाव?"

"माझ्या भावाचं नाही घेत," मृणालिनी म्हणाली. "पण मानाने नाही."

कॉल संपला.

तिने लगेच हार्लेमला निहारला फोन लावला. वयाने दहा वर्षं लहान, पण तिचा साहेब.

"ताई, आकडे शुक्रवारीच लॉक केले की! पाचला समितीकडे जायचेत. आता उघडायचे म्हणजे कारण लिहून द्यावं लागेल."

"लिही. मृणालिनीची चूक, म्हणून लिही."

"आणि बाकीच्या वस्त्या?"

"तिथेही कोऱ्या ओळी असतील. एकेका दवाखान्याला विचारते."

"आज सोमवार ना तुमचा? उपाशीपोटी चाळीस वस्त्या?"

"भरल्या पोटी चूक केली, तेव्हा नाही विचारलंस ते!"

निहार हसला आणि कुलूप उघडलं.

दुपारी तिने एक केळं खाल्लं, कपभर दूध घेतलं. बारा दवाखान्यांची उत्तरं आली. जिथे कुणी फोन उचलला नाही, तिथे तिने कोरी ओळ कोरीच ठेवली, पण मोजली. पाचला दहा कमी असताना तक्ता गेला. डोरीनबाई झोपल्या असतील असं तिला वाटलं होतं, पण उत्तर लगेच आलं. 'एकतीस. मिळाली सगळी.'

इकडे वसंतात सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, म्हणून घरात सातलाच दिवा लागे. मृणालिनीने वात सारखी केली. दिव्यापाशी ती रोज आपल्या गेलेल्यांची नावं घ्यायची. आजी, आजोबा, बाबा. बाबा होते तोवर पितृपक्षात एक नाव मात्र त्यांनी गुरुजींनाही कधी सांगितलं नव्हतं. भाऊ कशाने गेला असं कुणी विचारलं की घरातून एकच उत्तर जाई, कावीळ झाली होती. तिनेही सासरी तेच सांगितलं होतं.

आज ती बाबांच्या नावापाशी थांबली नाही.

"कुणाशी बोलतेयस गं?" तिच्या नवऱ्याने, नीळकंठने, भांडी विसळता विसळता विचारलं.

"श्रीकांतशी. माझ्या धाकट्या भावाशी." वातीवरची नजर तिने हलवली नाही. "त्याला कावीळ नव्हती झाली."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हे नाव तिच्या तोंडून नीळकंठ पहिल्यांदा ऐकत होता.

त्याने नळ बंद केला.