बादलीत उरलेले खारे पाणी

मित्रांनो, मी एक बादलीभर जुने खारे पाणी आहे. समुद्राचे नव्हे बरं का! समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ ढवळले आणि मला आपल्या काचेच्या टाकीत सोडले. तिथे समुद्री घोड्यांची एक जोडी राहत होती. महिनाभर मी त्यांना सांभाळले. मग मी गढूळले, म्हणून आजोबांनी मला नळीने बादलीत काढले आणि माझ्या जागी नवे पाणी आले.

आता माझे काय होणार, याची मला भारी उत्सुकता होती. आजोबांच्या सूनबाईला मात्र न्हाणीघर मोकळे हवे होते.

"बाबा, हे एकदाचं मोरीत ओता की. दोनदा ठेचकाळले मी."

"थांब गं, बघू तरी कशाच्या कामी येतंय."

आजोबांनी माझ्यातले थोडे टबात घेऊन टाकीतला पाणी गाळायचा स्पंज धुतला. मग मगभर मला अंगणातल्या फरशांच्या फटींत शिंपडले, तर चार दिवसांत तिथल्या गवताने माना टाकल्या. माझ्या अंगी असा गुण आहे, हे मलाच ठाऊक नव्हते!

इकडे नर घोड्याचे पोट फुगत चालले होते. "खादाड झालाय लेकाचा," म्हणत आजोबांनी त्याचे खाणे निम्म्यावर आणले. आणि एका सकाळी त्याच्या पोटातून पिल्ले बाहेर पडू लागली! पापणीच्या केसाएवढी, पन्नास-साठ. समुद्री घोड्यांत पिल्ले बाबाच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात, हे आजोबा वाचून विसरले होते. त्यांचा चेहरा पडला.

"ऐन गरोदरपणात उपाशी ठेवलं गं मी त्याला!"

पिल्लांना जाळीच्या पेटीत ठेवले खरे, पण त्यांना जिवंतच खाणे लागते, तेही दोन दिवसांच्या आत. डब्यात खाऱ्या पाण्यातल्या इवल्या किड्यांची कोरडी अंडी होती. ती उबवायला मिठाचे पाणी हवे आणि मीठ तर संपलेले; टाकीतले पाणी काढावे, तर त्यात घालायला दुसरे नव्हते.

"मग हे काय बादलीत?" सूनबाई म्हणाली. ती प्रयोगशाळेत काम करणारी. तिने मला बाटलीत भरले, चिमूटभर अंडी टाकली, हवेची नळी सोडली आणि दिव्याची ऊब दिली. दिवसभर काहीच हालचाल नाही. माझा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यात काहीतरी वळवळले आणि बघता बघता नारिंगी ठिपक्यांची झुंबड उडाली. मी, टाकाऊ पाणी, जिवांनी गजबजून गेले!

सूनबाईने ते ठिपके फडक्यात गाळून पिल्लांपुढे सोडले. एका पिल्लाने मान वळवली, रोखून पाहिले आणि एक ठिपका गट्टम केला. आजोबांनी डोळे पुसले आणि आधी बाबा घोड्याला पोटभर खाऊ घातले. "चुकलो रे बाबा," ते त्याला म्हणाले.

सगळी पिल्ले काही जगली नाहीत. अकरा जगली. त्यांच्या पहिल्या घासाला मी कामी आले, याचा मला फार आनंद आहे.

मित्रांनो, कोणतीही वस्तू टाकण्याआधी तिला जरा निरखून पाहा. बादलीत मी अजून वीतभर उरले आहे. पुढे कशाला उपयोगी पडेन, तुम्हाला काही सुचते का? सावकाश विचार करा. तोवर सूनबाई मला कोणालाही ओतू देणार नाही.