बिनआवाजाची गाडी

धडक बसली तेव्हा मोठा आवाज झालाच नाही. त्यामुळे काय झालं हे दगडोबांना कितीतरी वेळ कळेना. आधी समोर हिरव्या चाऱ्याचा भारा दिसला, मग तो भारा कालव्याच्या उतारावरून गडगडत खाली गेला आणि त्याच्या खालची बाई वाटेवर आडवी पडलेली दिसली. गाडी पलीकडं बाभळीला टेकून कलंडली होती आणि तिचं मागचं चाक अजून गरगर फिरत होतं. दगडोबांना स्वतःला साधं खरचटलंही नव्हतं.

"आई गं!" बाई किंचाळली. तेव्हा कुठं त्यांनी तिचं तोंड पाहिलं. जळबाची बायको, सोजराबाई!

दगडोबा म्हणजे जवळा बाजार गावचे रिटायर कंडक्टर. सगळा जन्म एसटीच्या खडखडाटात गेला, गुडघे झिजले, पण साहेबांना फटफटी काही शेवटपर्यंत आली नाही. गिअरचं नाव काढलं की घाम फुटायचा. म्हणून पुण्याच्या पोरानं दोन हजार आठच्या पोळ्याला त्यांना बॅटरीची स्कूटर घेऊन दिली. गिअर नाही, पेट्रोल नाही, लायसन नाही, नंबरप्लेटसुद्धा नाही. दगडोबा पहिल्या दिवशी तिच्यावर बसून सगळा बाजार फिरले तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन बघत राहिले. म्हाताऱ्याला शिंगं फुटली म्हणतात, ती ही अशी.

आता रानात जायला कालव्याच्या काठची वाट जवळची. पण ती वाट सगळ्यांची. शाळेची लेकरं, शेरडं, सकाळी फिरायला जाणारे मास्तर, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया. गेल्या साली एका फटफटीनं तिथं शाळेच्या पोरीचा हात मोडला, तेव्हा ग्रामसभेनं ठराव केला की या वाटेवर फटफटी आणायची नाही, आणि तोंडाशी दोन मोठे दगड रोवले. दगडोबांची स्कूटर त्या दगडांमधून आरामात निघायची. जळबानं ग्रामसभेत उठून विचारलं, "मोटार ती मोटारच ना, कंडक्टर?" त्यावर दगडोबा गरजले होते, "आवाज कुठंय हिचा? धूर कुठंय? सरकार लायसन मागत न्हाई, तर तुमी कोण मागणार?" सभा हसली. बिचारा जळबा खाली बसला. आवाज नाही म्हणजे धोका नाही, असं अख्ख्या गावानं एका दमात मान्य करून टाकलं. शहाण्यांचा गाव तो!

त्या वाटेची एक रीत होती, ती मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. डोक्यावर भारा असला की बाईला मान वळवता येत नाही. ती कानानं चालते. मागून माणूस आला तर तो खाकरतो, नाहीतर "येऊन राहिलो बाई" म्हणतो. बैलगाडीचे घुंगरू लांबून कळतात. कान सांगेल तशी बाई बाजूला होते.

आणि दगडोबा? दगडोबांना हॉर्न होता. चांगला मोठा, पिवळ्या बटणाचा. पण दिवसातले बारा बारा तास लाईट नसायची. रात्री-अपरात्री लाईट आली की उठून त्यांनी गाडी चार्जिंगला लावायची आणि मग तिला जिवापाड जपायचं. हॉर्न दाबला की बॅटरी उतरते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ब्रेक मारला तर गाडी पुन्हा उचलायला बॅटरी जाते, म्हणून ब्रेकही जपून. त्यात बाजारातल्या नेमसिंग मिस्त्रीनं एक बारीक वायर काढून दिली होती. "काका, आता बघा हिची चाल," म्हणाला होता. पंचवीसच्या पुढं न जाणारी गाडी ती वायर काढल्यापासून चाळीसच्या वर पळायला लागली. दगडोबांना त्याचं कोण कौतुक!

आज उतारावर त्यांना भारा लांबूनच दिसला होता. अंगठा हॉर्नवर गेलाही होता. 'होईल बाजूला,' असं त्यांच्या मनात आलं, आणि अंगठा तसाच राहिला. सोजराबाई वाटेच्या मधोमध चालत होती, निवांत, कारण मागं कुणीच नव्हतं.

पुढच्या वळणापलीकडं गेलेल्या बाया किंकाळी ऐकून धावत आल्या. सगळ्यात पुढं सोजराबाईची सून करुणा. सासूचा पाय भलत्याच दिशेला वळलेला पाहून ती मटकन खालीच बसली.

"काय झालं काका? कशी पडली माय?"

दगडोबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोक्यात काही नव्हतं, नुसतं पांढरं. आणि अशा वेळी माणसाची जीभ त्याला न विचारता बोलते.

"हॉर्न वाजवला की म्या! दोनदा वाजवला! त्यांना ऐकूच आला न्हाई!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलल्याबरोबर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. पण बायांनी माना हलवल्या, करुणा रडायला लागली, कुणीतरी जीप आणायला पळालं, आणि शब्द परत घ्यायची वेळ निघून गेली.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल आणि पुढं चालणं कसं होतं ते नंतरच कळेल. पोलीस आला. त्यानं गाडीचा नंबर विचारला.

"नंबर नसतो तिला," दगडोबा म्हणाले.

"लायसन?"

"लागत न्हाई."

पोलीस बुचकळ्यात पडला. असली केस त्यानं पाहिली नव्हती. "मग आता बाई काय म्हणतात ते बघू. त्यांच्या जबाबावर आहे सगळं," असं म्हणून तो चहा प्यायला गेला. दगडोबा त्याच्या पाठीकडं बघत राहिले. म्हणजे सोजराबाई एक शब्द बोलली की आपण अडकलो! द्वारकाबाई, त्यांची बायको, पदर तोंडाशी धरून कानाशी आली. "आता काई बोलू नका," ती म्हणाली. "जे सांगितलं ते सांगितलं."

जळबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. हा आता उठून गचांडी धरणार, असं दगडोबांना वाटलं. धरली असती तर बरं झालं असतं. पण जळबा नुसता वर बघून म्हणाला, "तुमी वाजवला म्हणता तर वाजवलाच असंल. तुमी कशाला खोटं बोलाल?"

हे ऐकून दगडोबांना बसायला जागा शोधावी लागली. ज्या माणसाला भरसभेत हसून खाली बसवलं, तो आपल्यावर विश्वास ठेवतो, हे त्यांना पचेना. आयुष्यभर बिनतिकिटाची माणसं नुसत्या तोंडावरून ओळखणारा हा कंडक्टर, आणि त्याचं स्वतःचं तोंड कुणालाच वाचता आलं नाही. तरी त्यांनी थाप मागं घेतली नाही. भीती मोठी वाईट.

दुपारनंतर करुणा बाहेर आली. "काका, माय तुमाला बोलवून राहिली."

दगडोबा आत गेले तेव्हा धाबं दणाणलेलं होतं. आता शिव्या पडणार, जबाब होणार, गावभर होणार. सोजराबाई खाटेवर पडली होती, पायाला वजन टांगलेलं. जळबा उशाशी स्टुलावर होता. तिचे डोळे रडून सुजले होते. दगडोबा जवळ गेले तशी ती त्यांच्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघायला लागली.

"भाऊ, जरा जोरात बोला," ती म्हणाली. "माझे कान गेले."

दगडोबांना वाटलं आपलेच कान गेले.

"काय?"

"जवळचं येतं ऐकू. मागचं, लांबचं गेलं बघा. तुमी दोनदा हॉर्न वाजवला म्हणे. मला एकदाबी न्हाई आला. आजवर मागून शेरडू आलं तरी कळायचं मला." तिनं पदरानं डोळे पुसले. "पायाचं काई न्हाई हो, पाय बांधतील डॉक्टर. पण नातीला शाळेत मीच नेऊन सोडते, त्याच वाटेनं. आता करुणाला सांगितलं म्या, लेकरू माझ्या हाती देऊ नको. बहिऱ्या बाईच्या हाती लेकरू कसं द्यायचं? तुमची चूक न्हाई, भाऊ. पोलिसालाबी तसंच सांगते. म्या वाट द्यायला पायजे होती."

दगडोबा सुटले होते. पोलीस येणार, बाई सांगणार, मिटलं सगळं. इतकी सोपी सुटका कुणाच्या नशिबी येते? आणि मोडक्या हाडासाठी न रडणारी ही बाई आपल्या एका थापेपायी रडते आहे, हे त्यांना सहन होईना. दारातून द्वारकाबाई डोळ्यांनी खुणावत होती.

"वाजवला न्हाई," ते म्हणाले.

"आँ?"

"म्या हॉर्न वाजवलाच न्हाई, वयनी. एकदाबी न्हाई. खोटं बोललो. तुमचे कान चांगले हायत."

जळबा स्टुलावरून उठला. दगडोबांनी डोळे मिटून घेतले. पण काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर सोजराबाईनं दोन्ही हात आपल्या कानांवर ठेवले होते आणि तिच्या सुजलेल्या तोंडावर हसू फुटलं होतं. खरंखुरं हसू! मोडक्या खुब्याची बाई कान शाबूत आहेत म्हणून हसत होती. दगडोबांनी आयुष्यात इतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं.

मग ते हसू हळूहळू विझलं. ती त्यांच्याकडं बघायला लागली, या वेळी सरळ डोळ्यांत.

"हॉर्न तर होता ना गाडीला?"

"व्हय."

"मी दिसले होते?"

"व्हय."

"मग काहून न्हाई वाजवला?"

जळबा उत्तराची वाट बघत होता. करुणा बघत होती. दगडोबांनी मान खाली घातली.

"बॅटरी उतरंल म्हणून," ते पुटपुटले. ते इतक्या हळू बोलले की दारातल्या द्वारकाबाईलाही काही कळलं नाही. सोजराबाईला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.