घडीवरची नजर

"आणखी एक पट्टी लावा, मावशी," संगणकावरची नजर न हलवता इंजिनिअर मुलगी म्हणाली.

घडीबाईने कागदाची पट्टी उचलली. कागदाच्या कारखान्यात तिला सगळे याच नावाने हाक मारत. गुळगुळीत लेप दिलेला कागद काळ्या शाईने रंगवायचा, त्याची घडी घालायची, वरून जड रूळ फिरवायचा. मग लेप तडकून आतला पांढरा कागद किती डोकावतो, ते भिंगातून बघायचं. यात तिचा उभा जन्म गेला होता. खोलीला खिडकी नव्हती. बाहेरच्या उजेडाने म्हणे डोळा फसतो.

आता कॅमेरा आला होता. तो घडीचा फोटो काढी आणि काळ्यात पांढरं किती, ते संगणक क्षणात सांगे. तिच्याहून चोख सांगे. घडीबाईला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट हायसंच वाटलं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला घडीबाईला रजा मिळाली नव्हती, आणि ते मूल वाचलं नव्हतं. या खेपेला जवळ असेन, असा तिने लेकीला ठासून शब्द दिला होता.

पण साहेब म्हणाले, "किती पांढरं चालतं नि किती नाही, हे यंत्राला कोण शिकवणार? तुमचीच नजर त्यात उतरवायचीय. तोवर रजेचं नाव काढू नका."

एक कागद संपला की दुसरा येई. नजर काही उतरून संपेना.

दुपारी जावयाचा फोन आला. "आई, तिला आत नेलंय. सारखी तुमचीच आठवण काढतेय."

इंजिनिअर मुलीने पट्टी तिच्या हातातून काढून घेतली. "निघा तुम्ही. मी लावते."

"आणि साहेब?"

"त्यांचं मी बघते. निघा आधी."

गेटवर पहारेकरी आडवा आला. "साहेबांच्या सहीशिवाय कसं सोडू, ताई? माझ्या पोटावर पाय येईल. ते मिटिंगला गेलेत, फोन उचलत नाहीत. बसा जरा."

ती बाकावर बसली. पहारेकऱ्याच्या रेडिओवर गाणी चालू होती. कागदाचा ट्रक बाहेर पडला, गेट उघडलं, मिटलं. सरळ चालू पडावं असं तिच्या मनात आलं. त्या उघड्या फटीतून रस्ता स्वच्छ दिसत होता. पण पाय उठले नाहीत.

पुन्हा फोन वाजला. "मुलगी झाली, आई! दोघी सुखरूप आहेत. हं, तिच्याशी बोला."

लेकीचा थकलेला आवाज आला. "निघालीस का गं?"

"हो, वाटेतच आहे."

मग पलीकडून बारीक, चिरकं रडू ऐकू आलं. घडीबाईने फोन कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि उठून आपला रेडिओ बंद केला.